राख, सोमल आणि मामूंची भट्टी

शनिवारी शेवटच्या तासाला मी नववीच्या मुलींकडून मराठी वर्तमानपत्र वाचून घेते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुली घरी दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात, पण छापील मराठी समोर आली की अडखळतात. म्हणून हा रिवाज. एका शनिवारी एका मुलीच्या वाट्याला परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेची बातमी आली. राखेची वाहतूक, रस्त्यावर उडणारी धूळ, पिकांवर बसणारा थर, असे सगळे त्यात होते. शेवटी एक वाक्य होते की या राखेत विषारी घटक असतात. मुलगी तिथे थांबली. तिला शब्द अडला असेल असे मला वाटले. पण तिने वर बघून विचारले, "टीचर, सब जल गया ना? फिर राख में जहर बचा कैसे?"

मला उत्तर आले नाही. मी भाषेची शिक्षिका. 'विषारी घटक' याचे उर्दू मी सांगू शकत होते, प्रश्नाचे उत्तर नव्हे. "सोमवारी सांगते," म्हणाले आणि घंटा झाली.

खरे सांगायचे तर तो प्रश्न मला दुसऱ्याच कारणाने लागला. माझे माहेर लातूरचे. शहराबाहेर माझ्या मामूंची वीटभट्टी आहे. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर आमच्या भागात दगड-मातीच्या भिंतींची अशी धास्ती बसली की ज्याला त्याला पक्क्या विटेचे घर हवे झाले. मामूंनी तेव्हा भट्टी टाकली. अब्बांच्या पगारात आम्हा चार भावंडांचे शिक्षण होणे शक्य नव्हते. माझी बी.एड.ची फी मामूंनी भरली. त्या भट्टीत विटा भाजायला कोळशाची चुरी लागते आणि मातीत राखही मिसळतात. म्हणजे राखेत जहर आहे की नाही, हा प्रश्न माझ्या डिग्रीपर्यंत येऊन पोहोचत होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी चहा पिता पिता एका वाक्यात सांगितले, "मॅडम, मूलद्रव्य जळत नाही." मग समजावले. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग. कोळशातला कार्बन ऑक्सिजनशी जुळतो आणि वायू होऊन उडून जातो. पण सोमल, शिसे, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. भट्टीतली आग त्यांचे रूप बदलते, त्यांना संपवू शकत नाही. उलट कोळसा उडून गेल्यामुळे उरलेल्या राखेत त्यांचे प्रमाण वाढते. आमटी आटली की मीठ वाढत नाही, पण आमटी खारट होते, तसेच हे.

आपल्याकडच्या कोळशाला हे जास्त लागू पडते. भारतीय कोळशात राख फार, बऱ्याचदा 30 ते 45 टक्के. 100 किलो कोळसा जाळला आणि 40 किलो राख उरली, तर जे कोळशात होते आणि धुरातून गेले नाही, ते राखेत अडीचपट दाट झाले.

इथवर मला समजले. पण मग पुढचा प्रश्न पडला. मुळात हे कोळशात आले कुठून? कोळसा म्हणजे झाडे, असे आपण शाळेत शिकतो. झाडात सोमल कशाला असेल? पुढचे काही महिने मी याच्या मागे लागले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगते.

आधी नावांचे बघू. मराठीत ज्याला सोमल म्हणतात त्याला उर्दूत संखिया म्हणतात. आपल्या जुन्या किश्शांमध्ये बादशहाला सरबतातून देतात तो हाच. शिसे म्हणजे सीसा. पारा दोन्ही भाषांत पारा. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना ही विषे नावानिशी माहीत होती. ती कोळशात असतात, एवढेच त्यांना माहीत नव्हते, कारण त्यांच्या चुलीत लाकूड आणि गोवरी होती.

परळीला आणि चंद्रपूरला जो कोळसा जळतो तो वर्धा नदीच्या आणि तेलंगणातल्या गोदावरीच्या खोऱ्यातला असतो. आपल्या नांदेडच्या घाटाखालून जे पाणी वाहते तेच पुढे सिंगरेणीच्या खाणींच्या मुलखातून जाते. हा कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कोळशापुढे तो लहानच. त्या काळी तिथे दलदली होत्या. झाडे पडत, पाण्यात बुडत, पूर्ण कुजत नसत आणि थरावर थर साचत जात.

त्या साचलेल्या थरात विष येण्याचे चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता खुद्द झाडाचा. झाड मुळांनी जमिनीतून पाणी ओढते आणि पाण्याबरोबर थोडी थोडी मूलद्रव्येही ओढते. पाने गळतात, त्यांची माती होते आणि खालचे वर येऊन साठते. हे व्हिक्टर गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. 1930 च्या दशकात त्याने कोळशाची राख तपासून तिच्यात जर्मेनियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये किती साठलेली असतात ते मांडले. हा माणूस यहुदी होता. 1935 मध्ये नाझींच्या जर्मनीतले आपले विद्यापीठ सोडून तो नॉर्वेला गेला आणि पुढे तिथूनही त्याला जीव वाचवून पळावे लागले. ज्याला स्वतःला एका जागी राहू दिले नाही, त्याने कोणते मूलद्रव्य कुठे जाऊन राहते याचा अभ्यास केला.

दुसरा रस्ता चिखलाचा. नद्या दलदलीत गाळ आणून टाकत. त्या चिकणमातीत क्रोमियम, व्हॅनेडियम, फ्लोरिन असे पुष्कळ काही असते. आपल्या कोळशात राख जास्त असण्याचे कारणही हाच गाळ. तो कोळशात इतका बारीक मिसळला आहे की कोळसा धुतला तरी पूर्ण निघत नाही. कणकेत मीठ मळले गेले की ते वेगळे काढता येत नाही, तसे.

तिसरा रस्ता माक्षिकाचा. पायराइट नावाचे लोह आणि गंधकाचे एक खनिज आहे, दिसायला सोन्यासारखे पिवळे. दलदलीच्या तळाशी हवा नसते. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून गंधकाचा वायू करतात, तो लोहाशी जुळतो आणि हे खनिज तयार होते. सोमल या खनिजात गंधकाची जागा घेऊन बसतो. पारा आणि सेलेनियमही त्यात घुसतात. जिथे दलदलीत समुद्राचे पाणी शिरत होते तिथल्या कोळशात गंधक जास्त, म्हणून माक्षिकही जास्त. आसाम-मेघालयाचा कोळसा त्यातला. आपल्या वर्धा-गोदावरीच्या दलदली गोड्या पाण्याच्या होत्या, त्यामुळे आपल्या कोळशात गंधक कमी आहे. हे आपले नशीबच म्हणायचे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

चौथा रस्ता नंतरचा. कोळसा तयार होऊन गेल्यावर जमिनीच्या पोटातले गरम पाणी भेगांतून वर येते आणि वाटेत जे विरघळले असेल ते कोळशात सोडून जाते. चीनच्या ग्विचौ प्रांतात हेच झाले. तिथे सोन्याच्या खाणींचा पट्टा आहे. सोने आणणाऱ्या त्याच पाण्याने सोमलही आणला. तिथल्या काही कोळशात सोमलाचे प्रमाण 3 टक्क्यांच्याही वर सापडले.

ग्विचौची गोष्ट मी दोनदा वाचली, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. तिथल्या डोंगरात पावसाळी हवा. लाकूड संपले, म्हणून लोक घरातच धुराडे नसलेल्या चुलीत कोळसा जाळू लागले आणि त्या धुरावर मका आणि लाल मिरच्या वाळवू लागले. ताज्या मिरचीत नसल्यासारखा असलेला सोमल वाळलेल्या मिरचीत शेकडो पटींनी वाढला. किमान 3000 लोकांना त्याची बाधा झाली. हातापायांवर खवले आले, कातडीवर डाग पडले, काहींना कर्करोग झाला. त्या भागांत कोळशातल्या आणि चुलीच्या मातीतल्या फ्लोरिनने दात आणि हाडे खराब झालेले लोक तर 1 कोटीहून जास्त. आपल्या किनवटकडच्या लोकांना फ्लोरोसिस काय हे सांगावे लागत नाही. तिथे तो बोअरच्या पाण्यातून येतो, तिकडे चुलीतून आला.

हे वाचून झाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लातूरला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी मोरीत बसून पातेली घासत होती. शेजारी डालड्याचा जुना डबा होता, त्यात करडी राख. मी विचारले, ही राख कुठली? अम्मी म्हणाली, "तेरे मामू की भट्टी की. कित्ती बारीक है देख." गॅस आल्यापासून घरात चूल नाही, म्हणून मामू दर महिन्याला डबा भरून राख पाठवतात. उरलेली अम्मी मागच्या अंगणातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकते.

मी म्हणाले, अम्मी, ही कोळशाची राख आहे, ही भांड्यांना नको. अम्मीने माझ्याकडे असे पाहिले की मी तिला वजू शिकवायला निघाले आहे. म्हणाली, "राख पाक होती है. आग में गई सो चीज पाक."

तिचे चूक नव्हते. हनफी फिक्हमध्ये हे आहेच. नापाक वस्तू जळून राख झाली की तिची जात बदलली, ती पाक झाली असे मानतात. या बदलाला इस्तिहाला म्हणतात. मीही लहानपणी हेच शिकले. पण फिक्ह इथे पाकी-नापाकीबद्दल बोलते. संखिया नापाक नाही, तरी कुणी तो खात नाही, कारण तो इजा करतो. इजा टाळणे हा त्याच फिक्हचा दुसरा कायदा आहे. अम्मीला मी एवढेच म्हणाले, "राख पाक आहे अम्मी. पण पाक असणे आणि पोटात जाण्यासारखी असणे वेगळे."

मग लाकडाच्या राखेचे सांगितले. लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, त्याने तेलकटपणा सुटतो, म्हणून ती भांड्यांना चालत आली. कोळशाची राख मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि वाळू. ती घासते, पण साबणासारखे काम करत नाही. दोघींना आपण एकाच नावाने हाक मारतो, तिथे गफलत होते. अम्मी पातेले विसळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मामू से बोल जाके. मेरेकू कायको बोलती?"

मामूंशी बोलणे सोपे नव्हते. संध्याकाळी भट्टीवर गेले. मामू खाटेवर बसले होते, समोर हायवाने ओतलेला राखेचा ढीग. वारा आला की त्याचा माथा धूर सुटल्यासारखा हलायचा. पलीकडे विटा पाडणाऱ्या बाया आणि त्यांची दोन-तीन लेकरे त्याच ढिगावर घसरगुंडी खेळत होती. त्यांचे पाय, पापण्या, केस सगळे एका रंगाचे.

मी मामूंना शाळेतल्या मुलीचा प्रश्न सांगितला. मग थोडे हिशोब सांगितले, कारण मामूंना हिशोबाची भाषा समजते. जगभरच्या कोळशाची सरासरी काढली तर एका टनात सोमल 8-9 ग्रॅम आणि पारा ग्रॅमचा दहावा भाग भरतो. आपण सोमल 5 ग्रॅमच धरू. परळीसारख्या ठिकाणचा 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला 4000 टनांच्या आसपास कोळसा खातो. म्हणजे दिवसाला 20 किलो सोमल आणि 400 ग्रॅम पारा कोळशाबरोबर आत जातो. एका टनात चिमूटभरही नसलेली वस्तू वर्षाला सात टनांवर जाते. परळीला वीज 1971 पासून तयार होते आहे.

मामू म्हणाले, "वो सब इस राख में आता क्या?"

सगळे नाही. पारा तापल्यावर वाफ होतो आणि बहुतेक धुराड्यातून निघून जातो. म्हणून तर 2015 मध्ये केंद्राने वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यालाही मर्यादा घातली. सोमल आणि सेलेनियमचीही आधी वाफ होते, पण धूर थंड होताना ती राखेच्या कणांवर बसते. कण जितका बारीक तितका त्यावर थर जास्त. मँगनीजसारखी काही मूलद्रव्ये उडत नाहीत, ती राखेतच राहतात. म्हणजे जी राख सगळ्यात बारीक, जिची अम्मी तारीफ करत होती, तीच सगळ्यात जास्त घेऊन बसलेली. आणि तीच श्वासातून खोल जाते.

"इस ढेर में कित्ता है, बोल." मामूंनी थेट विचारले. मी म्हणाले, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. एकाच खाणीच्या दोन थरांत फरक असतो.

मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेरी फी इसीच भट्टी से गई बेटा. हलाल की कमाई है. एक ईंट में खोट नहीं मेरे." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागले. "अब क्या करूं? बंद करूं?"

मी नाही म्हणाले, आणि ते त्यांचे मन राखायला नव्हे. वाचल्यावर मला हेही समजले होते की राख विटेत किंवा सिमेंटमध्ये बांधली गेली की ती बरीच निरुपद्रवी होते. आतली मूलद्रव्ये सहजी सुटत नाहीत. राख तलावात पाण्याबरोबर साठवली तर पाणी तिच्यातून सोमल, सेलेनियम, बोरॉन काढून खाली नेऊ शकते. त्यापेक्षा ती भिंतीत गेलेली बरी. सरकारही राख विटांत आणि सिमेंटमध्ये वापरा असेच सांगते. माझ्या नांदेडच्या घराची वरची खोली मामूंच्याच विटांची आहे आणि मी तिच्यात बिनघोर झोपते. धोका विटेत नाही. धोका या उघड्या ढिगात आहे, त्यावर खेळणाऱ्या लेकरांत आहे, अम्मीच्या डब्यात आणि मेथीच्या वाफ्यात आहे.

"ढिगावर पाणी मारत जा," मी म्हणाले.

मामू हसले. "लातूर में पानी?" 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून जगलेले हे शहर. तेव्हा मामूंच्या घरी आठ-आठ दिवस नळ आला नव्हता. राखेला पाणी कुठून आणायचे? मी नांदेडला गोदावरीकाठी राहून सल्ला देत होते.

शेवटी पाण्यावाचून होण्यासारखे तेवढे ठरले. ढिगावर ताडपत्री. ढिगाच्या वाऱ्याच्या बाजूला जुन्या विटांची कमरेएवढी भिंत. राख कालवणाऱ्या बायांना तोंडाला बांधायला चांगले कापड, आणि लेकरांना ढिगावर बंदी. मी म्हणाले, लेकरे तुमचे ऐकणार नाहीत, त्यांना बसायला सावली करून द्या. मामू म्हणाले, "देखता हूं." त्यांचे 'देखता हूं' म्हणजे कधी हो असते, कधी नाही.

निघताना मला जाणवले की माझ्या फीच्या वर्षांतही इथे अशीच लेकरे खेळत असणार. आज ती तिशीत असतील. त्यांच्यातले कोण कुठे आहे, कोणाची छाती कशी आहे, हे मी कधी विचारले नाही. हलाल कमाई म्हणताना आपण खोट, व्याज, चोरी एवढेच बघतो. कुराणात हलालच्या जोडीने तय्यिब हा शब्द येतो, म्हणजे निर्मळ, भले. मामूंची वीट हलाल होती याची मला खात्री आहे. दुसऱ्या शब्दाचे काय, हे विचारायचे काम शिकलेल्यांचे होते. मामूंनी मला शिकवले, आणि मी वीस वर्षांनी, तेही नववीतल्या मुलीने विचारले म्हणून, विचारले.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता दहावीत गेली होती. तिला वर्गात उभे करून मी उत्तर दिले, फळ्यावर आमटीचे उदाहरण लिहून. तिने वहीत मराठीत उतरवले, खाली उर्दूत संखिया लिहिले. मग म्हणाली, "टीचर, हमारे घर भी बर्तन कोयले की राख से घिसते." आणखी तीन हात वर आले. त्या दिवशी व्याकरण राहिले. कोणाच्या घरी राख कुठून येते, एवढेच आम्ही लिहून काढले.

मागच्या आठवड्यात मामूंचा फोन आला होता. ताडपत्री वाऱ्याने फाटली, म्हणाले. मी मनात म्हणाले, झाले. तर ते पुढे म्हणाले, "दूसरी मोटी वाली लाया. तेरेकू बताने को फोन किया." अम्मीच्या डब्यात आता बकरीदच्या देगीखालची लाकडाची राख आहे. ती संपत आली आहे आणि अम्मी रोज मला त्याचा हिशोब ऐकवते.